वीतभर खाली

पुण्यात कुणाच्या हातात मेटल डिटेक्टर दिसला की बघणारा पहिला प्रश्न विचारतो, "हंडा लागला का?" विचारणाऱ्याचा यात दोष नाही. जमिनीतल्या धातूची गोष्ट आपल्या घरात गुप्तधनाच्या वाटेनेच येते. वाड्याच्या तळघरात पुरलेले रांजण, त्यांच्यावर बसलेला नाग, डोळ्यांत अंजन घातलं की पायाळू माणसाला दिसणारं जमिनीखालचं सोनं, अमावास्येच्या रात्रीची खणाखणी. या गोष्टी ऐकताना रंगत येते, पण त्यांच्यापायी माणसांचे जीवही गेले आहेत. महाराष्ट्राने २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला, तेव्हा गुप्तधनाच्या शोधाच्या नावाखाली चालणाऱ्या अघोरी प्रकारांचा त्याच्या अनुसूचीत उल्लेख करावा लागला. या कायद्यासाठी वर्षानुवर्षं झटलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी याच शहरात खून झाला. म्हणून पहिल्याच पानावर स्पष्ट लिहितो: या पुस्तकात गुप्तधन नाही. हंडा, रांजण, तळघर यांच्या मागे लागायचं असेल तर हे पुस्तक इथेच मिटावं.

इथे आहे ती वीतभर जमीन. घरामागचं अंगण, सोसायटीची बाग, मित्राच्या शेताचा बांध, गावाकडच्या घराचं खळं. साधं हातातलं यंत्र नाण्याएवढी वस्तू साधारण पंधरा-वीस सेंटिमीटरपर्यंत ओळखतं, म्हणजे हाताची एक वीत. त्याखालचं जग पुरातत्त्वज्ञांचं, आणि ते त्यांच्याकडेच राहावं असं माझं ठाम मत आहे. वरच्या या वीतभर थरात मात्र गेल्या शे-दीडशे वर्षांत साध्या माणसांच्या हातून जे निसटलं ते पडून आहे. कुणी मुद्दाम पुरलेलं नाही, कुणी शोधायलाही परतलं नाही. झाडलोट करताना, भांडी घासताना, विटीदांडू खेळताना, खाट उचलताना पडलेल्या या वस्तू आहेत. त्यांच्यात मिळणारा आनंद फार मोठा आहे आणि तो घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, एवढंच मला सांगायचं आहे.

यंत्राचं काम समजायला सोपं आहे. खालच्या चकतीत तारेची वेटोळी असतात. एका वेटोळ्यातून सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारी वीज वाहते आणि जमिनीत चुंबकीय क्षेत्र उभं राहतं. त्या क्षेत्रात धातू आला की त्याच्या अंगात विजेचे भोवरे फिरू लागतात, आणि त्या भोवऱ्यांचं स्वतःचं क्षीण क्षेत्र दुसरं वेटोळं टिपतं. लोखंडाचं उत्तर वेगळं, तांब्याचं वेगळं. कानाला लावलेल्या हेडफोनमध्ये ते जाड किंवा बारीक सुरात ऐकू येतं. १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्या अंगातली बंदुकीची गोळी शोधायला अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी याच तत्त्वावर एक उपकरण घाईघाईने बनवलं होतं. गोळी सापडली नाही. पुढे दुसऱ्या महायुद्धात पोलंडचे अधिकारी युझेफ कोसात्स्की यांनी भूसुरुंग शोधणारं यंत्र तयार केलं, आणि युद्धानंतर ही विद्या हळूहळू सामान्यांच्या हाती आली.

परदेशी पुस्तकं वाचून पुण्यात यंत्र चालवायला घेतलेला माणूस पहिल्या दिवशी हैराण होतो. तिकडची माती शांत असते, आपली बोलते. आपण बेसाल्टवर राहतो. सह्याद्रीच्या या काळ्या कातळात मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असतं, आणि कातळ झिजून झालेल्या मुरमात आणि काळ्या मातीतही ते उतरलेलं असतं. चकती जमिनीजवळ नेली की काहीही नसताना यंत्र कुरकुरतं. एखादा गरम झालेला, लालसर पडलेला दगड तर चक्क नाण्यासारखा वाजतो. म्हणून इथे ग्राउंड बॅलन्स हे बटण सर्वांत महत्त्वाचं. चकती खालीवर करत त्या जागच्या मातीची कुरकुर यंत्राला ओळखू द्यायची, मग ती बाजूला ठेवून ते बाकीचं ऐकतं. कोथरूडच्या मुरमाड उतारावर केलेली जुळणी हडपसरच्या काळ्या रानात चालत नाही. दर जागी नव्याने करावी लागते.

काळ्या मातीची आणखी एक खोड आहे. उन्हाळ्यात तिला हातभर खोल भेगा पडतात आणि पावसात ती फुगून मिटते. वर पडलेलं नाणं भेगेतून खाली जातं, खालचा खडा वर येतो. म्हणून इथे खोलीवरून वय ठरवता येत नाही. वैशाखात ही जमीन पहारीलाही दाद देत नाही, आणि ऐन आषाढात खुरप्याला चिकटून बसते. मला विचाराल तर भाद्रपद संपत आला की बाहेर पडावं. माती ओलसर, मऊ, आणि ओलाव्यामुळे सूरही जरा स्पष्ट येतो.

आता प्रत्यक्ष काय होतं ते जवळून पाहू. सदाशिव पेठेतल्या एखाद्या जुन्या घरामागचं अंगण, कडेला पारिजातक, त्याच्या शेजारी पूर्वी भांडी घासायची मोरी होती अशी आठवण घरातली आजी सांगते. मालकांची परवानगी घेतलेली आहे. चकती जमिनीला समांतर ठेवून सावकाश फिरवायची. खिळे खरखरतात, पत्र्याचा तुकडा फुटक्या आवाजात बोलतो, आणि मधूनच एक गोल, बारीक, स्वच्छ सूर येतो. नव्वद अंशांत वळून दुसऱ्या दिशेने फिरवलं तरी तोच सूर त्याच जागी. मग गुडघ्यावर बसायचं. खुरप्याने तीन बाजूंनी काप घेऊन मातीचं झाकण उलटायचं. सुटी माती जमिनीवर न टाकता घमेल्यात घ्यायची, म्हणजे नंतर खड्डा पूर्ण बुजतो. पुन्हा चकती फिरवायची: वस्तू खड्ड्यात आहे की घमेल्यात? घमेल्यात. मग बोटांनी ढेकळं फोडत जायचं. एका ढेकळातून हिरवी कड डोकावते. वाटोळं, पातळ, आणि मधे भोक, त्यात माती गच्च बसलेली.

हा भोकाचा पैसा. १९४३ ते १९४७ या काळात निघालेलं ब्रिटिश अमदानीतलं हे काशाचं नाणं. महायुद्धात तांब्याची चणचण होती, म्हणून मधला धातू काढून घेतला. एका बाजूला मुकुट, दुसऱ्या बाजूला भोकाभोवती पानांची माळ. असे चौसष्ट पैसे म्हणजे एक रुपया. आजी तो हातात घेते आणि दोऱ्यात ओवून लहान मुलांच्या कमरेला बांधत असत ते सांगू लागते. कुणाच्या घरी तो खिळ्याखाली वॉशर म्हणूनही बसला. या क्षणी एकच गोष्ट सांभाळायची: तो सदऱ्याला घासायचा नाही, चिंच लावायची नाही, पितांबरी तर मुळीच नाही. वरचा हिरवा थर म्हणजेच नाण्याचं उरलेलं अंग असतं. साध्या पाण्यात रात्रभर ठेवायचा आणि मऊ ब्रशने अलगद पुसायचा. वहीत जागा, तारीख, खोली आणि शेजारी काय निघालं ते लिहायचं.

वीतभर थरात नाण्यांचा हा सगळा इतिहास खालीवर मिसळून पडलेला असतो. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान पद्धत आली आणि रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. त्या काळचे काशाचे छोटे नवे पैसे अजून चांगले टिकून निघतात. साठच्या दशकात ॲल्युमिनियम आलं. षट्कोनी तीन पैसे, चौकोनी पाच पैसे, कंगोऱ्यांचे दहा पैसे. आज पन्नाशी-साठी ओलांडलेल्या प्रत्येकाने हे खिशात वाजवलेले आहेत. पण ॲल्युमिनियमला आपली चुनखडीची माती मानवत नाही. ते पांढुरकं होऊन भुगा होत जातं. नंतर स्टेनलेस स्टील आलं, आणि ३० जून २०११ पासून पंचवीस पैसे व त्याखालची नाणी चलनातून गेली. स्टीलच्या नाण्याला यंत्र अर्धवट लोखंड समजतं. पण त्याच स्टीलमुळे एक वेगळाच व्यवसाय उभा राहिला. पंढरपूरला चंद्रभागेत, नाशिकला गोदावरीत मुलं दोरीला जाड चुंबक बांधून पाण्यात फेकतात आणि भाविकांनी वाहिलेले रुपये ओढून काढतात. चुंबकाला चिकटतात ती स्टीलची नाणी. जुनी तांबं-निकेलची रुपया-दोन रुपयांची नाणी तळाशीच राहतात. ती मुलं हा धातूचा भेद कुठल्याही पुस्तकाशिवाय जाणतात.

खरं तर धातू शोधणं हा आपल्याकडे जुना आणि कष्टाचा धंदा आहे. सराफांच्या पेढ्यांसमोरची, सोनारांच्या दुकानातली धूळ गोळा करून, ती पाण्यात धुऊन सोन्याचांदीचे कण वेगळे करणारे झारेकरी महाराष्ट्रभर होते. हातात पाटी, समोर पाणी, आणि नजर अशी की मातीच्या रंगावरून कळावं. छंद म्हणून यंत्र घेऊन अंगणात उतरणाऱ्या प्रत्येकाने या लोकांची आठवण ठेवावी असं मला मनापासून वाटतं. त्यांच्या पोटाचा प्रश्न होता, आपल्याला फुरसत आहे. पण माती हातात घेऊन तिच्यातला धातू ओळखण्याची रीत त्यांनी घडवली.

बहुतेक वेळा निघतो तो कचरा, आणि तो टाळता येत नाही. सोड्याच्या बाटल्यांची बुचं, सिगारेटच्या पाकिटातली चांदी, गंजलेले खिळे, सळईचे तुकडे, वीजमिस्त्रीने कापून टाकलेली तार. बारीक सुरांची ही गर्दी पाहून काहीजण यंत्रावर मधले सूर बंद करून टाकतात. तसं करू नका. सोन्याची अंगठी आणि चुरगळलेली चांदी यांचे सूर यंत्राला जवळजवळ सारखेच वाटतात. एक बंद केला की दुसरीही गेली. शिवाय कचरा म्हणून जे निघतं त्यातही पुणं असतं. बैलाच्या खुराची पत्री, टांग्याच्या घोड्याच्या नालेचा खिळा, कुलपाची चौकोनी किल्ली, पैंजणाचा एकटा घुंगरू, सायकलच्या घंटीची वाटी. एके काळी सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जाणारं हे गाव. सायकलचा कर भरला की पत्र्याचा बिल्ला मिळे आणि तो सायकलला लावावा लागे. असा गंजका बिल्ला हाती आला की त्याला मी कचऱ्यात धरत नाही.

नदीकाठच्या पेठांत आणखी एक थर आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं, खडकवासल्याची भिंत गेली, आणि मुठेचं पाणी शनिवार, नारायण पेठेत, डेक्कनवर घुसलं. पाणी ओसरल्यावर घराघरांत गाळ राहिला. माणसांनी तो दिवसेंदिवस उपसला, धुतला, बाहेर टाकला. त्यात पातेली गेली, समया गेल्या, देव्हाऱ्यातले देव गेले. अशा भागात परसात खणताना वेगळ्या रंगाचा बारीक गाळ लागला तर थांबा, फोटो घ्या, घरातल्या वडीलधाऱ्यांना बोलवा. त्या गाळात सापडलेला तांब्या कुणाच्या तरी घरचा आहे, आणि त्यावर नाव कोरलेलं असेल तर त्या घरातलं कुणी आजही जवळच राहत असण्याची शक्यता असते. लग्नात आलेल्या भांड्यावर नाव घालायची आपली पद्धत इथे फार उपयोगाची आहे.

हरवलेलं परत करणं हा या छंदाचा मला सर्वांत आवडणारा भाग. सोसायटीच्या बागेत मुलीला झोका देताना कुणाचं जोडवं निसटतं, हळदीकुंकवाच्या गडबडीत मंगळसूत्राची वाटी लॉनवर पडते. डोळ्यांनी शोधून दमलेल्या माणसांसमोर यंत्र एक सूर देतं आणि गवतातून ती वस्तू वर येते. त्या बाईच्या चेहऱ्यावर जे उमटतं, त्यासाठी यंत्राची किंमत वसूल झाली असं मी समजतो.

आता नियम. ते मी परिशिष्टात टाकले नाहीत, कारण ते वाचल्याशिवाय यंत्राला हात लावू नये. आपल्याकडे १८७८ चा भारतीय निखात निधी अधिनियम अजून लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर ती काय, किती, कुठे आणि कधी सापडली हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. न कळवल्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. शंभर वर्षांहून जुना ठेवा सरकार धातूची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश देऊन घेऊ शकतं. २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवड पोलिसांनी २१६ सोन्याची नाणी जप्त केली. ती चिखलीच्या एका बांधकामाच्या खोदाईत सापडली होती आणि कुणालाही न कळवता घरी ठेवली होती. वजन २,३५७ ग्रॅम, म्हणजे एकेक मोहोर जवळपास अकरा ग्रॅमची, मुघल बादशहा मुहम्मदशाहाच्या काळातली. एक अर्ज केला असता तर ती माणसं कायद्याच्या कचाट्यात सापडली नसती, आणि मोहरा नेमक्या कशा, कशात, किती खोल होत्या हेही जागेवर नोंदलं गेलं असतं.

हे दुसरं नुकसान मला जास्त लागतं. १९७४ मध्ये प्रवरेकाठच्या दायमाबादला छबू लक्ष्मण भिल्ल झाडाचं खोड खणत असताना त्यांना काशाची चार शिल्पं मिळाली. बैलांचा रथ, हत्ती, गेंडा, रेडा. मिळून साठ किलोंहून अधिक वजनाची. ती सरकारकडे गेली आणि आज देशाचा ठेवा आहेत. पण शास्त्रीय उत्खननाच्या थरात न मिळाल्यामुळे त्यांचा काळ कोणता यावर विद्वानांत वाद झाला. मधुकर ढवळीकरांनी त्यांना उत्तर हडप्पा काळाशी जोडलं, तर धातूतल्या आर्सेनिकचं प्रमाण पाहून डी. पी. अगरवालांनी ती फार नंतरची मानली. एवढी मोठी वस्तू हातात असूनही तिचा काळ निसटतो, मग किल्ल्याच्या उतारावरून चोरून उचललेल्या शिवराईचं काय होणार? "श्री राजा शिव" आणि "छत्रपति" ही अक्षरं असलेलं ते तांब्याचं नाणं जुन्या बाजारात विकलं जाईल, पण कुठल्या माचीवर, कुठल्या जोत्याशेजारी ते पडलं होतं हे कायमचं पुसलं जाईल.

म्हणून सिंहगड, राजगड, पुरंदर आणि कुठलाही गड, शनिवारवाडा, पाताळेश्वर, आगाखान पॅलेस यांच्या आसपास यंत्र न्यायचं नाही. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्याने संरक्षित जागी परवानगीशिवाय खोदणं गुन्हा आहे. वनखात्याच्या टेकड्यांवर नाही. लष्करी हद्दीत तर विचारही करू नका. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली, त्या बाजूच्या जमिनीत शिशाच्या गोळ्या असतील हा मोह मला कळतो; पण तो भाग छावणीचा, दारूगोळा कारखान्याचा आहे. ब्रिटनमध्ये १९९६ च्या कायद्यानंतर आणि १९९७ मध्ये सुरू झालेल्या नोंदणी योजनेमुळे छांदिष्टांनी कळवलेल्या वस्तूंची संख्या दहा लाखांवर गेली आहे. आपल्याकडे अशी व्यवस्था व्हावी असं मला कळकळीने वाटतं. ती होईपर्यंत आपली वही हीच नोंद. ओळख पटत नसेल ती वस्तू सदाशिव पेठेतल्या भारत इतिहास संशोधक मंडळात किंवा डेक्कन कॉलेजातल्या जाणकारांना दाखवावी. तिथे वेळ देणारी माणसं भेटतात.

जागेच्या मालकाला आधी विचारा आणि निघालेलं सगळं त्याला दाखवा, कचऱ्यासकट. खड्डा बुजवून वर पाणी शिंपडा. विजेच्या, गॅसच्या, पाण्याच्या वाहिन्या कुठून जातात ते सोसायटीच्या कचेरीत विचारल्याशिवाय खुरपं लावू नका. मुलांना बरोबर घ्या, पण खणायला आधी तुम्ही.

पुस्तकाचं पहिलं प्रकरण बाहेर नेत नाही. आपल्याच कुंड्यांशेजारी किंवा परसात दोन हात लांबीचा पट्टा घ्या. एक जुना रुपया, एक स्टीलचं नाणं, एक भोकाचा पैसा मिळाला तर तो, एक खिळा, एक बूच, आणि चुरगळलेल्या चांदीचा गोळा असे वीतभर अंतराने, वेगवेगळ्या खोलीवर पुरा आणि कुठे काय आहे याचा कागद करा. आठवडाभर रोज त्याच्यावरून चकती फिरवा, पाऊस पडून गेला की पुन्हा फिरवा. कागद न बघता सूर ओळखता यायला लागले की दुसरं प्रकरण उघडा.